शिगा टॉक्सिन प्रथिननिर्मिती थांबवतं, मग आयएल-८ हे दाहाचं प्रथिन वाढतं कसं? (मदत हवी आहे)

नमस्कार. सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी करतेय. सेमिनारला 'जिवाणूंची विषं आणि मूत्रपिंडातला दाह' हा विषय घेतलाय आणि चार दिवस एकाच जागी अडकलेय.

एलपीएसचं (काही जिवाणूंच्या बाह्य आवरणातलं विष) मला कळलं. एलबीपी आणि सीडी१४ ही प्रथिनं ते पेशीवरच्या टीएलआर४ या ग्राहीच्या हाती देतात, मायडी८८ या प्रथिनामार्फत निरोप पुढे जातो, एनएफ-कप्पा-बीला अडवून ठेवणारं आयकेबी तुटतं, एनएफ-कप्पा-बी (जनुकं चालू करणारं प्रथिन) केंद्रकात शिरतं आणि टीएनएफ, आयएल-६ ही दाहाची प्रथिनं तयार होऊ लागतात. मूत्रपिंडातल्या नलिकांच्या पेशींवरही टीएलआर४ असतो, म्हणून रक्तातून गाळून आलेलं एलपीएस तिथे थेट दाह पेटवू शकतं.

घोडं अडलंय ते ई. कोलाय ओ१५७:एच७च्या शिगा टॉक्सिनपाशी. त्याचे पाच बी भाग पेशीवरच्या जीबी३ या मेदरेणूला चिकटतात. ए भाग गॉल्जीमार्गे उलटा प्रवास करत पेशीरसात उतरतो आणि रायबोसोमच्या (पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र) २८एस आरआरएनएमधलं एक, फक्त एक, अॅडेनीन काढून टाकतो. तेवढ्याने रायबोसोम निकामी! मग त्याच पेशी आयएल-८ जास्त सोडतात हे कसं? आयएल-८ हेही प्रथिनच ना? 'रायबोटॉक्सिक स्ट्रेस' (रायबोसोम बिघडल्याचा ताण) हा शब्द सगळीकडे सापडतो, पण आतली पायरी कुणी उलगडत नाही. न समजता स्लाइडवर बाण काढायचे नाहीयेत मला.

प्रतिसाद:
'थांबवतं' हा शब्द जरा बाजूला ठेवा. पेशीत लाखो रायबोसोम असतात, कमी मात्रेत त्यातले काहीच निकामी होतात. असा रायबोसोम एमआरएनएवर (प्रथिनाची कृती वाहणाऱ्या रेणूवर) मध्येच अडतो आणि मागून येणारे त्याच्यावर धडकतात. ही कोंडी झॅक नावाचं कायनेज (इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडणारं विकर) ओळखतं आणि पी३८ व जेएनके ही ताणाचा निरोप पुढे नेणारी कायनेजं चेतवतं. तुमची हरवलेली पायरी हीच.

आयएल-८चा एमआरएनए एरवी फार अल्पायुषी. पी३८ चेतलं की तो टिकतो, शिवाय नवाही जास्त बनतो. चालू असलेल्या रायबोसोमांपुढे मग त्याचीच गर्दी होते. आयकेबीचंही बघा: ते सतत नव्याने बनवावं लागतं, त्यामुळे निर्मिती मंदावली की एनएफ-कप्पा-बीवरचा लगामही सैल होतो. कमी मात्रेतलं प्रतिजैविक अॅनिसोमायसिनसुद्धा रायबोसोम अडवून पी३८ चेतवतं, तुलनेला ते घ्या.

आणि तुमच्या दोन स्लाइड वेगळ्या ठेवू नका. एलपीएसमुळे आलेलं टीएनएफ रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींवर जीबी३ वाढवतं, म्हणजे शिगा टॉक्सिनला चिकटायला आणखी जागा.

मूळ प्रश्नकर्ती:
मनापासून आभार! कोंडीचं चित्र डोळ्यांपुढे आलं आणि सगळं सुटलं. आता एक शंका: मात्रा वाढवत नेली तर एमआरएनए चढत राहील, पण एका टप्प्यानंतर आयएल-८ प्रथिन उतरायला लागेल ना? दोन्ही एकाच आलेखात दाखवावेत असं वाटतंय. पेशी मरायला लागायच्या आत हा फरक पकडायला किती तासांनी नमुने घ्यावेत?