योशिदांच्या १४ प्रिंट्स म्युझियमला देणगीत आल्यात, त्या अमेरिकेत कधी आणि कशा आल्या हे कसं शोधायचं?

मृण्मयी_औ
नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका लहानशा म्युझियममध्ये नोंदींचं काम बघते. गेल्या वर्षी इथल्या एका कुटुंबाने आजीचं घर आवरताना सापडलेल्या हिरोशी योशिदांच्या १४ वुडब्लॉक प्रिंट्स (लाकडी ठशांवरून छापलेली चित्रं) आम्हाला दिल्या. मी खोक्यातून एकेक काढत होते, होड्या, ताजमहाल, आणि मग वेरूळ! माझं बालपण औरंगाबादचं, शाळेच्या सहलीपासून पाहुण्यांना दाखवायला नेण्यापर्यंत वेरूळला कितीदा गेले त्याला हिशेब नाही, आणि तीच लेणी एका जपानी चित्रकाराने छापलेली इथल्या तळघरात माझ्या हातात, दोन मिनिटं मला काही सुचलंच नाही.

तर प्रश्न असा की या इथे आल्या कशा. त्या घरचे म्हणतात आजोबा युद्धानंतर सैन्याबरोबर जपानात होते, त्यांनीच आणल्या असणार. कागद काहीच नाही, पावती नाही, पत्र नाही. डाव्या मार्जिनमध्ये जपानी तारखा आहेत (सम्राटांच्या राजवटीप्रमाणे मोजलेलं साल), होड्यांवर ताइशो १५ आणि भारतातल्या चित्रांवर शोवा ६, ७. ऑफिसात म्हणतात तेच साल टाक आणि नोंद संपव. मला ते पटत नाहीये. त्यातून १४ पैकी ९ फ्रेम्स कुटुंबाने मागे कधीतरी बदलून घेतल्या आणि दुकानदाराने मागचे जुने पुठ्ठे फेकून दिले, ५ तेवढ्या मूळ फ्रेममध्ये आहेत. सुरुवात कुठून करू?

तोक्योतला_काळे
नाही पटत ते बरोबरच आहे, ते साल टाकूच नका. ती तारीख डिझाइनची. ताइशो १५ म्हणजे १९२६, शोवा ६ आणि ७ म्हणजे १९३१-३२ (शोवाच्या आकड्यात १९२५ मिळवायचे, ताइशोच्या आकड्यात १९११). पण ठसे एकदा कोरले की त्यावरून पुढे कितीतरी वर्षं छापता येतं, त्यामुळे १९२६ची होडी १९४८मध्येही छापलेली असू शकते आणि मार्जिनमध्ये तरीही ताइशो १५च दिसेल.

त्याच मार्जिनमध्ये 'जिझुरी' शिक्का आहे का बघा, त्याचा अर्थ स्वतः छापलेलं. योशिदांनी १९२५मध्ये स्वतःचा स्टुडिओ काढला, कोरणारे आणि छापणारे कारागीर ठेवले, पण ते शेजारी उभे राहून करून घ्यायचे आणि पसंत पडलं की हा शिक्का. दुसरं म्हणजे खाली पेन्सिलने इंग्रजीत सही आणि नाव आहे का? असेल तर ती प्रत बहुधा परदेशी गिऱ्हाइकासाठी, जपानात विकलेल्या प्रतींवर बऱ्याचदा फक्त चित्रातली ब्रशची सही असते. योशिदा १९५०च्या एप्रिलमध्ये वारले, नंतर मुलाने काढलेल्या प्रतींवर पेन्सिलच्या जागी छापील सही येते. सही भिंगाखाली धरा, पेन्सिलचा ग्रॅफाइट तिरक्या उजेडात चमकतो, छापील सही सपाट दिसते.

कागदवाली_पुणे
मृण्मयी, त्या ५ फ्रेम्स उघडायची घाई करू नकोस ग. आधी मागच्या बाजूचे फोटो काढ, प्रत्येक खिळा, प्रत्येक डाग. त्या काळच्या पुठ्ठ्यात आम्ल असतं, चित्राच्या कडेला तपकिरी पट्टा दिसत असेल तर तो त्याचाच. म्हणून पुठ्ठा बदलावा तर लागणारच, पण टाकायचा नाही, नंबर घालून वेगळ्या पाकिटात ठेवायचा. मी २२ वर्षं कागदाची दुरुस्ती करतेय, पुढच्या बाजूने चित्रकार कळतो आणि मालक कळतो तो मागच्या बाजूने. फ्रेमवाल्याचं लेबल, खडूचा आकडा, पेन्सिलने लिहिलेली किंमत, आत भर म्हणून घातलेलं वर्तमानपत्र, सगळं जपायचं. लेबलवर दुकानाचा पत्ता मिळाला तर गावाची जुनी डिरेक्टरी लायब्ररीत असते, दुकान कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत त्या पत्त्यावर होतं ते कळतं.

सातमाळा
वरच्या दोघांशी सहमत. मी फक्त रस्ते सांगतो, कारण योशिदांच्या कामाला अमेरिकेत यायला एकच रस्ता नव्हता. १८९९मध्ये ते पहिल्यांदा आले तेव्हा डेट्रॉइटमध्ये त्यांची जलरंगातली चित्रं विकली गेली, ते सोडा, प्रिंट्सचा काळ नंतरचा. १९२३च्या भूकंपात प्रकाशक वातानाबेंकडचे ठसे जळाले, मग योशिदा पती-पत्नी चित्रं विकायला पुन्हा अमेरिकेत आले आणि इथल्या लोकांना प्रिंट्स किती आवडतात ते त्यांनी स्वतः पाहिलं, स्टुडिओ त्यातून निघाला. पुढे ओहायोतल्या टोलेडो म्युझियममध्ये १९३० आणि १९३६ अशी दोन मोठी प्रदर्शनं झाली, पहिल्यात १० चित्रकारांच्या ३४२ प्रिंट्स होत्या आणि ते नंतर इतर शहरांतही फिरलं.

आता हे नीट बघा. भारताचा दौरा त्यांनी मुलगा तोशीबरोबर १९३०च्या शेवटी सुरू केला. म्हणजे तुमचं वेरूळ आणि ताजमहाल १९३०च्या प्रदर्शनातून आलेले असूच शकत नाहीत, होड्या मात्र असू शकतात. १४ एकदमच आल्या असं धरून चालू नका, प्रत्येक प्रिंटचा प्रवास वेगळा मांडा.

आजोबांची गोष्ट खोटी म्हणत नाही मी, युद्धानंतर अमेरिकन अधिकारी आणि त्यांच्या बायका योशिदांच्या घरी खरंच जायच्या. पण ताडून बघा. लष्कराची फाइल मागवाल तेव्हा मनाची तयारी ठेवा, १९७३मध्ये सेंट लुइसला लष्करी फाइलींच्या इमारतीला आग लागली त्यात १९१२ ते १९६० दरम्यान सैन्य सोडलेल्यांच्या सुमारे ८० टक्के फाइली गेल्या. गावातल्या वर्तमानपत्रात 'अमुक यांचा मुलगा जपानहून परतला' अशी दोन ओळींची बातमी मिळायची शक्यता जास्त.

मृण्मयी_औ
सगळ्यांचे मनापासून आभार, तीन आठवड्यांनी लिहितेय. कागदवालीताई, तुम्ही सांगितलंत तसंच केलं, कॉन्झर्व्हेटर (जुन्या वस्तू जपणाऱ्या तज्ज्ञ) आल्या आणि त्यांच्यासमोरच ५ फ्रेम्स उघडल्या. दोन होड्यांच्या मागे एकाच फ्रेमवाल्याचं लेबल, फोन नंबर चार आकडी! डिरेक्टरीत ते दुकान त्या पत्त्यावर १९३४पर्यंतच दिसतं, पुढच्या सालात तिथे चपलांचं दुकान. आजोबा जपानला गेले १९४६मध्ये (बातमी मिळाली, सातमाळादादा, अगदी दोन ओळींचीच). म्हणजे या दोन त्यांनी आणलेल्या नाहीत, घरात आधीपासून होत्या. हे सांगितलं तर डोनरबाई फोनवर गप्पच झाल्या, मग म्हणाल्या पणजीला चित्रांचा नाद होता असं ऐकलंय.

बाकीच्या तीन ताजमहालच्या, त्यांच्या मागे काहीच नाही निघालं. वेरूळ फ्रेम बदललेल्यांपैकी, पुठ्ठा गेलेला. त्यावर जिझुरी आहे, पेन्सिलची सही आहे, काळेदादा, भिंगाखाली चमकते. म्हणजे ते १९३१ ते १९५०मध्ये कधीतरी छापलं एवढं धरता येतं. 'घरात कधी आलं' हा रकाना मी सध्या रिकामा ठेवलाय. डोनरबाईंची मावशी ९१ वर्षांची आहे आणि तिला त्या घरातला जिना आठवतो म्हणे, त्या भिंतीवर काय काय लावलं होतं ते रविवारी फोन करून विचारणार आहे.