‘फेसलिफ्ट’ला ‘डर्ट’ची रंगीत तालीम म्हणणं थांबवा

खर्जवेडा:
अॅलिस इन चेन्स या अमेरिकी रॉक बँडच्या पहिल्या अल्बमचा, ‘फेसलिफ्ट’चा विषय निघाला की ‘चांगला आहे, पण खरी कमाल १९९२ च्या दुसऱ्या अल्बममध्ये, डर्टमध्ये’ हे ठरलेलं वाक्य येतंच. मला ते साफ नामंजूर आहे. ऑगस्ट १९९० मध्ये हा अल्बम आला, तेव्हा ग्रंज रॉक जगभर पोहोचवणाऱ्या, निर्वाणा बँडच्या ‘नेव्हरमाइंड’ला अजून वर्षभर अवकाश होता. ‘लव्ह, हेट, लव्ह’ पुन्हा ऐका. सहा मिनिटांहून मोठं, संथ गाणं. गायक लेन स्टेली दबक्या आवाजात सुरू करतो, मग चढत जातो आणि आवाज फाटतो तोही सुरात. पहिल्याच अल्बमवर असं गाणारा त्या पिढीत मला दुसरा दिसत नाही.

दुसरी_बाजू:
स्टेलीबद्दल दुमत नाही. पण एका गाण्यावर अल्बम तरत नाही. पहिली सहा गाणी जबरदस्त, मान्य. पुढे ‘पुट यू डाउन’ लागलं की बँडचे ग्लॅमचे, म्हणजे भडक, नटव्या रॉकचे दिवस अजून पुरते सरलेले नाहीत हे कळतं. ‘आय नो समथिन’मध्ये तर फंकचा, म्हणजे नाचऱ्या तालाच्या संगीताचा ठेका आहे, त्या काळी जो तो वाजवायचा तसा. बारांऐवजी नऊच गाणी ठेवायला हवी होती. आणि स्टेली व गिटारवादक जेरी कँट्रेल यांचे एकत्र आवाज, ज्यांवरून हा बँड झटक्यात ओळखू येतो, ते ‘डर्ट’मध्येच खरे भरात येतात.

तालमीतला:
गिटार वाजवतो म्हणून सांगतो. ‘मॅन इन द बॉक्स’मधला तो बोलल्यासारखा आवाज टॉक बॉक्सचा आहे. गिटारचा आवाज नळीतून वादकाच्या तोंडात जातो, तो ओठांनी त्याला आकार देतो आणि माइक ते टिपतो. सत्तरच्या दशकात पीटर फ्रॅम्प्टनने हे साधन गाजवलं, तेव्हा ते खेळकर वाटायचं. इथे तोच आवाज कण्हतो. बाकी ग्रंज (सिएटलचा तो रांगडा रॉक) वगैरे राहू द्या, माझ्या मते हा मेटल अल्बम आहे.

खर्जवेडा:
मेटलवाल्यांनी तरी कुठे आपलं मानलं? १९९१ मध्ये स्लेअर, मेगाडेथ, अँथ्रॅक्स या मेटल बँडबरोबर दौऱ्यावर असताना प्रेक्षकांनी यांच्यावर वस्तू फेकल्या. तरीही ‘नेव्हरमाइंड’ दुकानात येण्याआधीच ‘फेसलिफ्ट’ अमेरिकेत गोल्ड, म्हणजे पाच लाख प्रतींचा, झाला होता. @दुसरी_बाजू, त्या फंकच्या गाण्याचं वकीलपत्र मी घेणार नाही. पण ‘इट एन्ट लाइक दॅट’चा रिफ, ती पुन्हा पुन्हा येणारी गिटारची धून, उत्तरार्धातच आहे, तो कसा विसरलात?

दुसरी_बाजू:
विसरलो नाही, माझ्या नवांत तो आहेच. खपाचा मुद्दा मात्र गैरलागू. माझा आक्षेप लिखाणावर आहे. ‘डर्ट’मध्ये स्टेली स्वतःच्या व्यसनाबद्दल बोलतो, तिथे लपायला जागा उरत नाही.

खर्जवेडा:
आणि ‘वी डाय यंग’? कँट्रेलला बसमध्ये नऊ-दहा वर्षांची पोरं पेजर घेऊन ड्रग्ज विकताना दिसली, त्यातून ते गाणं झालं. अल्बमचं पहिलंच गाणं, जेमतेम अडीच मिनिटांचं. बाहेरचं जग इतक्या थेट नजरेनं पाहणारं गाणं मला ‘डर्ट’वर दाखवा, मग बोलू.