इंटेलिजन्स १८ चा विझार्ड खेळायचा कसा?

पंचवटीकर:
आमचा ग्रुप रविवारी कॉलेज रोडला एका मित्राकडे डीअँडडी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, प्रत्येकाने एक पात्र घेऊन खेळायचा फाशांचा खेळ) खेळतो, पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम. माझं पात्र विझार्ड, म्हणजे जादूगार, आणि त्याचा इंटेलिजन्स, म्हणजे बुद्धीचा आकडा, १८. परवा एका दारावर चंद्राच्या कलांचं कोडं आलं, चार दगड योग्य क्रमाने फिरवायचे, विझार्ड मी म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मला काहीच सुचेना. सोडवलं कोणी, तर बार्बेरियन (रानटी लढवय्या) खेळणाऱ्याने, ज्याच्या पात्राचा इंटेलिजन्स ६! तो मुळातच कोड्यांत पटाईत आहे, त्याला दोष नाही, पण मग माझ्या १८ ला अर्थ काय? स्ट्रेंग्थ २० वाल्याला कोणी सिलिंडर उचलून दाखव म्हणत नाही ना.

डीएम_इंदिरानगर:
भाऊ, यात निम्मं काम डीएमचं, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचं आहे. डीसी १५ चा चेक असेल, म्हणजे वीस बाजूंचा फासा टाकून एकूण १५ गाठायचे असतील, तर इंटेलिजन्स १८ मुळे तुला +४, म्हणजे फाशावर ११ पुरतात. ६ वाल्याला −२, त्याला १७ लागतात. हा फरक कोड्यातही जाणवायला हवा. मी अशा वेळी विझार्डवाल्याला गुपचूप चिठ्ठी देतो, "अमावस्येचा दगड बाकीच्यांपेक्षा जास्त झिजलाय." उत्तर द्यायचं नाही, हुशार माणसाच्या नजरेला जे पडेल तेवढं द्यायचं. आणि बाकीच्यांना सुचलेलं तुझ्या विझार्डच्या तोंडून येऊ दे, टेबलावर सगळ्यांनी मिळून डोकं लावलं तर काय बिघडतं.

तपोवनची_रेंजर:
दादा, चिठ्ठी मस्तच, पण बार्बेरियनचं सुचणं दर वेळी विझार्डच्या खात्यात टाकू नका, त्या खेळाडूवर अन्याय होतो. इंटेलिजन्स ६ म्हणजे बावळट नाही. उघड्यावर वाढलेला माणूस चंद्र रोज बघतो, सर्व्हायवल, म्हणजे रानात टिकायचं कौशल्य, तर विज्डमवर (शहाणपणाचा वेगळा आकडा) चालतं, त्यामुळे हे कोडं त्याने सोडवलेलं मला तरी पटतं. जुनी लिपी किंवा मंत्रांचं काही असतं तर नसतं पटलं. मी असं पात्र खेळते तेव्हा ती जे पहिल्यांदा ऐकेल ते खरं धरते आणि एकदा ठरवलं की प्लॅन बदलत नाही. तोतरं बोलून दाखवतात ते मला अजिबात आवडत नाही.

पंचवटीकर:
हे पटलं ताई. पण लढाईच्या आधीच्या प्लॅनिंगचं काय? तिथे चिठ्ठी कशी देणार?

डीएम_इंदिरानगर:
तिथे तयारी आधीच केली होती असं मागून धरायचं. तिसऱ्या लेव्हलला तुझे इंटेलिजन्सचे ४ + लेव्हलचे ३ असे सात स्पेल (मंत्र) तयार असतात ना, त्यातला एक मी सेशनमध्ये एकदा ऐनवेळी बदलू देतो, "हे होणार हे त्याने सकाळीच ओळखलं होतं" असं धरून. नियमात नाहीये हे, तुमच्या डीएमशी आधी बोलून घे.