पेट्रोल पिकअपले वजन झेपते का? अमेरिकेत चालते तं आपल्याइकडे काऊन नाही?

संत्रावाला_वरुड

राजेहो नमस्कार. गाडी घ्याची हाय अन् डोकं पार आउट झालं म्हणून इथं विचारून राहिलो.

वरुडजवळ सहा एकर संत्रा हाय अन् दोन एकर कपाशी. जुनी डिझेल पिकअप चौदा वर्षं वापरली, आता धूर एवढा फेकते का मांगून येणारा शिव्या देते, पुढच्या फिटनेसले पास होईन असं काही वाटत नाही. नवी पाहाले गेलो तं एका शोरूमचा पोरगा म्हणते काका पेट्रोल घ्या, गाडी स्वस्त अन् मेंटेनन्स कमी. दुसरा म्हणते सीएनजी घ्या. घरी बाबा म्हणतात डिझेल नसन तं गाडी दारात उभी करू नको. त्यात भाचा हाय टेक्सासले, त्यानं व्हिडिओ पाठवला, पिकअपच्या मांगं चार घोडे असलेला ट्रेलर अन् गाडी पेट्रोलची! म्हणते मामा इथं मोठाल्या पिकअपमधी लोक पेट्रोल इंजिन सर्रास घेतात. आता तिकडं पेट्रोलवर चार घोडे चालले तं आपल्याइकडं पेट्रोल पिकअपचं नाव काढलं का चौकातले लोक हासतात काऊन?

माह्यं रनिंग महिन्याले 900 किलोमीटरच्या आसपास. जास्त करून शेत-घर-शेत, मजूर, फवारणीचे ड्रम, खताच्या बॅगा. आंबिया बहाराच्या तोडणीत महिना-दीड महिना मातर रोज माल असते, एका खेपेले 60 कॅरेट, कॅरेटमधी 22 किलो धरा. बहुतेक वरुडच्या मार्केटले, कधी भाव पाहून नागपूरच्या कळमना मार्केटले. रोड चांगला हाय पण शेतातून निंघताना पांदण अन् नाल्याचा चढ, पावसाळ्यात तं विचारूच नका.

कोणाजवळ पेट्रोलची मालवाहू गाडी असन तं खरं खरं सांगा.

मिस्त्री_परतवाडा

काका, भाच्याच्या व्हिडिओतलं इंजिन किती सीसीचं हाय ते विचारलं का? तिथंच सगळा खेळ हाय.

वजन उचलते टॉर्क, म्हणजे इंजिनाची फिरवाची ताकद, अन् तो टॉर्क कोणत्या आरपीएमले, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाले किती फेऱ्यांवर भेटते ते पाहाचं असते. आपल्याइकडची अडीच लिटरची डिझेल पिकअप घ्या, बोलेरोवाली, 75 हॉर्सपॉवर म्हणजे कागदावर काहीच नाही, पण टॉर्क 200 न्यूटन मीटर अन् तो दीड-दोन हजार आरपीएमलेच हजर. आता मारुतीची सुपर कॅरी घ्या, पेट्रोल, 1.2 लिटर, चार सिलेंडर. हॉर्सपॉवर जवळपास 80, म्हणजे बोलेरोहून जास्तच! पण टॉर्क 104, अन् तोही 2900 आरपीएमले. शोरूमचा पोरगा तुम्हाले 80 चा आकडा सांगते अन् 104 चा गिळून टाकते.

नाल्याच्या चढावर भरलेली गाडी थांबली तं डिझेलवाला क्लच सोडते अन् निंघते. पेट्रोलवाल्याले रेस द्या लागते, अर्ध्या क्लचवर धराची लागते, अन् असं सीझनभर केलं का क्लच प्लेट माह्या गॅरेजात येते. मजबूत इंजिन असूनही येते, कारण इंजिनाचा दोषच नाही, ड्रायव्हर त्याले खालच्या आरपीएमवर वढाले लावते.

पण एक गोष्ट डिझेलवाले सांगत नाहीत ते मी सांगतो. 2020 च्या एप्रिलपासून बीएस सिक्स आलं, म्हणजे धुराचे कडक नियम, तवापासून डिझेलच्या सायलेन्सरात डीपीएफ असते, काजळी पकडाची जाळी समजा. ते काजळी जाळाले गाडी गरम होऊन हायवेनं बराच वेळ सलग पळा लागते. तुमचं शेत-घर-शेत चार किलोमीटर, इंजिन गरम व्हायच्या आधीच बंद. मंग जाळी कोंदते, लाईट लागते, गाडीची वढ कमी होते. असे गिऱ्हाईक महिन्यातून येतातच अन् सगळे बिचारे तुमच्यासारखे, गाडी कमी फिरणारे. जुन्या गाडीले हे झेंगट नव्हतं म्हणून बाबांचं म्हणणं त्या काळापुरतं बरोबर होतं.

ह्यूस्टनमधला_अकोलेकर

मी अकोल्याचा, आता बारा वर्षं इकडं टेक्सासात. मामा-भाच्याचं वाचून हसू आलं कारण माझ्या घरीही हाच फोन झालाय.

इकडच्या हेवी ड्युटी पिकअप म्हणजे फोर्डची एफ 250, शेवरलेची सिल्व्हेराडो 2500, रॅमची 2500. पेट्रोलला इकडे गॅस म्हणतात, आपला सीएनजी नव्हे, सुरुवातीला मीही फसलो होतो. आता आकडे बघा. फोर्डचं मोठं पेट्रोल इंजिन 7.3 लिटर, व्ही एट, 430 हॉर्सपॉवर, टॉर्क 650 न्यूटन मीटरच्या आसपास. म्हणजे मिस्त्रींच्या बोलेरोच्या तिप्पट, अन् इंजिनही जवळपास तिप्पट. फोर्डचंच लहान भावंड 6.8 लिटर, 405 हॉर्सपॉवर, टॉर्क 600 च्या घरात. शेवरलेचं 6.6 लिटर, 401 हॉर्सपॉवर, टॉर्क 630 च्या जवळ. रॅमचं 6.4 हेमी, 400 च्या वर पॉवर पण टॉर्क 580, म्हणजे यांच्यात सर्वात कमी.

मजा म्हणजे ही सगळी इंजिनं जुन्या धाटणीची, व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट ब्लॉकच्या आत अन् त्याचा धक्का वर नेणारे दांडे म्हणजे पुशरॉड, ब्लॉक बिडाचा, जास्त हवा दाबून भरणारा टर्बो नाही. 2020 ला फोर्डनं नवं कोरं 7.3 आणलं तेही पुशरॉडच, कारण रोज वजन ओढायचंय, रेस लावायची नाही. इंधनाच्या बाबतीत फरक आहे, फोर्डचं पोर्ट इंजेक्शन म्हणजे पेट्रोल व्हॉल्व्हच्या आधीच फवारणारं, साधं, शेवरलेचं डायरेक्ट इंजेक्शन. डायरेक्टमध्ये पेट्रोल थेट सिलेंडरात जातं, व्हॉल्व्हवरून जात नाही, त्यामुळे व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत अन् कालांतराने कार्बन बसू शकतो. हेमी हलक्या लोडवर चार सिलेंडर बंद करून पेट्रोल वाचवते. मला निवडायला सांगितलं तर वजन ओढायला 7.3, अन् नुसतं शेतावर ये-जा, थोडं सामान असं असेल तर 6.8 पुरे, वरचे पैसे वाचवा.

गिअरबॉक्स विसरू नका. 7.3 च्या मागे दहा गिअरचा ऑटोमॅटिक आहे अन् डिफरन्शियल, म्हणजे चाकांजवळचे शेवटचे गिअर, 4.30 चं घेता येतं. इंजिनाला खाली टॉर्क कमी पडला तर गिअर ती कसर भरून काढतो, आवाज मात्र होतो. कोलोरॅडोच्या घाटात ट्रेलर लावलेली पेट्रोल गाडी चार-साडेचार हजार आरपीएमवर किंचाळत चढते, शेजारून डिझेलवाला गाणी ऐकत जातो.

मग लोक पेट्रोल का घेतात? एक, डिझेल इंजिन घेतलं की गाडीची किंमत दहा हजार डॉलरच्या आसपास वाढते. दोन, गेली काही वर्षं इकडे डिझेल पेट्रोलपेक्षा महाग आहे, आपल्या उलट. तीन, तोच डीपीएफ, वर धूर साफ करायला युरियाची टाकी. ॲव्हरेज विचारू नका, ट्रेलर लावला की लिटरला तीन-साडेतीन किलोमीटर. भाच्याला विचारा महिन्याचं बिल किती येतं, व्हिडिओत ते दाखवत नाहीत 😄

कापूस_हिंगणघाट

माझ्याकडं बायफ्युएल हाय, टाटाची इंट्रा व्ही 20, सीएनजी अन् पेट्रोल दोन्हीवर चालते. एक टनाची गाडी. मी सरकी-ढेप अन् किराणा मालाचा धंदा करतो, रोज हिंगणघाट ते आजूबाजूची खेडी, म्हणून मले जमते. रिकामी किंवा अर्धा टन असन तं मस्त. पूर्ण भरली अन् सीएनजीवर असन तं उड्डाणपुलावर पण तिसरा गिअर टाका लागते, मंग मी पेट्रोलवर घेतो अन् जरा हलकी होते. गॅस हवेची जागा खाते म्हणून सीएनजीवर पॉवर कमी भेटते, सगळ्याच गाड्यांचं असं हाय.

सीएनजी घ्यायच्या आधी पंप कुठं हाय ते पाहा भाऊ. तुमच्याकडून पंप 30 किलोमीटर असन तं गॅस भराले जाण्यातच गॅस जळते. अन् भाव! 2022 मध्ये नागपुरात सीएनजी 120 रुपये किलो झाला होता, देशात महागाईत वरचा नंबर, तवा मी दोन महिने पेट्रोलवरच चालवली. टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबानं तपासणी, तीन वर्षांनी करा लागते तेही लक्षात ठेवा.

संत्रावाला_वरुड

सगळ्यायचे आभार, एवढं तं शोरूमवाल्यानं तासभर बसून नाही सांगितलं. मिस्त्रीभाऊ ते डीपीएफचं वाचून पोटात गोळा आला, माह्यं खरंच तसंच हाय, गाडी गरमच होत नाही. पण डिझेलचं एक सुख हाय, ट्रॅक्टरसाठी घरी ड्रम भरून ठेवलेला असते, गाडीले कमी पडलं तं त्यातूनच. पेट्रोल आणाले पुन्हा पंपावर.

मंग आता माह्यासाठी काय?

हिशोबी_आर्वी

काका मी पंपावर कामाले होतो सहा वर्षं, हिशोब मी लावतो, तुम्ही आकडे बदलून पाहा.

तुमचं वर्षाचं रनिंग 10,800 किलोमीटर. डिझेल गाडी भरली-रिकामी मिळून 13 चा ॲव्हरेज देईन धरू, 830 लिटर, 91 रुपयांनी 75,600. पेट्रोल 12 चा देईन धरू, 900 लिटर, 105 नं 94,500. फरक वर्षाले 19 हजार. दोन्ही गाड्यांच्या किमतीत दीड लाखाचा फरक असन तं डिझेलचे जास्तीचे पैसे निंघाले आठ वर्षं लागतात. रनिंग महिन्याले 3,000 असतं तं हाच फरक वर्षाले 63 हजार झाला असता, अडीच वर्षात वसूल, मंग डिझेलशिवाय बोलाचंच नाही.

त्यात ई ट्वेंटी पेट्रोल हाय. इथेनॉलमधी ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शानं कमी, म्हणून 20 टक्के मिसळलं का ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांपर्यंत उतरू शकते, माह्या 12 च्या आकड्यात ते धरलं हाय. अन् इथेनॉल पाणी ओढते, म्हणून गाडी पावसाळाभर अर्ध्या टाकीनं उभी ठेवू नका.

मिस्त्री_परतवाडा

हिशोब पक्का हाय आर्वीवाले, पण एक भोक राहिलं. काकाच्या 60 कॅरेटचे होतात 1,320 किलो. सुपर कॅरीची पेट्रोल गाडी नियमानं 740 किलोची, म्हणजे 33 कॅरेट. एका खेपेच्या दोन खेपा, पेट्रोल डबल, वेळ डबल, अन् मार्केटले दुसरी खेप पोहोचेपर्यंत लिलाव उरकला तं भाव गेला. आता तुम्ही म्हणान 60 च कोंबतो, सगळेच कोंबतात, मंग स्प्रिंगचे पट्टे अन् क्लच घेऊन माह्याइकडं या, मले काय, माह्या धंद्याचं भलंच होते 😀

माह्यं मत सांगतो, पटलं तं घ्या. वर्षातले साडेदहा महिने तुमची गाडी अर्धी रिकामी फिरते. त्या साडेदहा महिन्यासाठी लहान पेट्रोल बेस्ट, डीपीएफचं टेन्शन नाही, सकाळी थंडीत एका सेल्फले चालू. घाट उतरताना पण पेट्रोल गाडी इंजिनानं चांगली धरते, ब्रेक कमी तापतात. तोडणीच्या दिवसात दीड टनाची डिझेल पिकअप भाड्यानं सांगा, गावात असतेच कोणाजवळ. भाड्याचा खर्च अन् दीड लाखाचा फरक समोरासमोर मांडा. कळमन्याले रोज जाणार असान तं मातर डिझेलच घ्या अन् आठवड्यातून एकदा तिले हायवेवर तासभर पळवा, जाळी मोकळी राहीन.

चिखलदऱ्याकडं माल नेणार असान तं पेट्रोल विसरा. वर 1,100 मीटर उंची, हवा पातळ होते अन् बिनटर्बोच्या इंजिनाची दहाव्या हिश्शाच्या आसपास पॉवर तिथंच जाते.

संत्रावाला_वरुड

चिखलदऱ्याले मी फक्त पाहुणे घेऊन जातो, माल नाही 😄

भाडं मोजलं. आमच्या गावात तोडणीच्या दिवसात गाडी एका खेपेले जे मांगते त्यानं 25 खेपा धरल्या तं पेट्रोल अन् भाडं मिळून डिझेलच्या वर जाते, पण थोडंच. लफडं वेगळंच हाय, सीझनमधी सगळ्यायलेच गाडी लागते, भाव चढला का भाड्याची गाडी फोन उचलत नाही.

ह्यूस्टनमधला_अकोलेकर

मग ट्रायल मागा. इकडे लोक स्वतःचा ट्रेलर लावून ट्रायल घेतात, रिकामी गाडी चालवून कोणतंही इंजिन चांगलंच वाटतं.

मिस्त्री_परतवाडा

हेच सांगाले आलो होतो. 33 कॅरेट भरा, नाल्याच्या चढाच्या मधोमध थांबा, हँडब्रेक लावा, मंग पहिल्या गिअरवर उचला. तीनदा करा. क्लचचा वास आला तं खाली उतरून चाबी परत द्या.

संत्रावाला_वरुड

शोरूमले फोन केला. म्हणते काका भरून ट्रायल देत नाही, पॉलिसी नाही. मी म्हटलं मंग माही बी चेक द्याची पॉलिसी नाही. दहा मिनिटात मॅनेजरचा फोन आला, सोमवारी गाडी शेतात घेऊन येतात. कॅरेट भरून ठेवतो अन् बाबांले समोर बसवतो, सेल्समन मांगं कॅरेटवर. झाल्यावर इथंच लिहितो.