गावरान अंडं खरंच भारी, की पंधरा रुपये दिल्यावर भारी वाटतं?

जुळेसोलापूरकर:
काल मंगळवार बाजारातून डझनभर गावरान अंडी आणली. 15 रुपयाला एक. बायको म्हणाली, कोपऱ्यावरच्या दुकानात 7 रुपयाला मिळतंय की, ह्यात काय सोनं भरलंय? मी एक फोडून दाखवलं. बलक केशरी, झेंडूच्या फुलासारखा. दुकानातल्याचा बलक म्हणजे कावीळ उतरलेल्या माणसाचा चेहरा. माझं म्हणणं साधं आहे. उकिरडा उकरून किडे, वाळवी, गवत खाणारी कोंबडी आणि पिंजऱ्यात उभी राहून जन्मभर एकच भुकटी खाणारी हायब्रीड कोंबडी, ह्या दोघींचं अंडं सारखं कसं असेल? एक वर्षाला 60-70 घालते, दुसरी 300 च्या वर. एवढी घातल्यावर कस उरणार कुठून? पटत नसेल त्यांनी बोला.

लेअरवाला:
माझा 4000 पक्ष्यांचा शेड आहे, म्हणजे माझा स्वार्थ आहे, ते आधीच सांगतो. पण मालक, बलकाचा रंग जातीवर नसतोय ओ, खाण्यावर असतोय. पिवळा मका, हिरवा पाला, झेंडूच्या पाकळ्या ह्यांत झँथोफिल नावाचं रंगद्रव्य असतं, तेच बलकात उतरतं. उद्यापासून खाद्यात झेंडूचा अर्क वाढवतो आणि दोन आठवड्यांत त्याच पिंजऱ्यातून तुमच्यापेक्षा केशरी बलक काढून देतो. खाताना कस वाढला का, ते तुम्हीच सांगा. तपकिरी टरफलाचंही तेच. तो रंग कोंबडीच्या जातीतून येतो, आतल्या मालाशी त्याचा संबंध नाही.

सांगोल्याची_लेक:
लेअरवाले दादा बरोबर बोलतायत, आणि मी तर गावरानवाली आहे. माहेरी आईकडे चौदा कोंबड्या, सगळ्या डालग्याखालच्या. श्रावणात बांधावर गवत आलं की बलक कुंकवासारखा. आणि मे महिन्यात? रान करपलेलं, हिरवं पान औषधाला नाही, आई ज्वारी टाकते. आपली पांढरी ज्वारी ती, तिच्यात रंग कुठला! तेव्हा त्याच कोंबड्यांचा बलक लिंबाच्या सालीइतका फिका. कोंबडी तीच, खुराडं तेच. म्हणजे तुम्ही कोंबडीच्या जातीचे नाही, पावसाचे पैसे दिलेत भाऊ.

जुळेसोलापूरकर:
ताई, रंग सोडला. पण ताकद? आजीनं बाळंतिणीला गावरानच दिलं, ते काय उगीच?

निवृत्त_मास्तर:
ताकदीचा हिशोब मांडू या. गावरान अंडं साधारण 40 ग्रॅम, त्यात बलक तिसरा हिस्सा, म्हणजे 13 ग्रॅमच्या आसपास. पोल्ट्रीचं 55 ग्रॅम, बलक 27-28 टक्के, म्हणजे 15 ग्रॅम. ग्रॅमला ग्रॅम लावलं तर गावरान दाट लागतं, कारण पांढरा कमी. तुम्हाला जी 'चव' लागते तिच्यात ह्या दाटपणाचा वाटा मोठा आहे. पण प्रथिनं हवी असतील तर मोठ्या अंड्यात ती जास्त, आणि पैसे निम्मे. आजीच्या वेळी गावात दुसरं अंडं होतंच कुठं, हाही प्रश्न आहे.

लेअरवाला:
मास्तर, तुम्ही माझी बाजू घेतलीत म्हणून मीही एक कबूल करतो. मोकळी फिरणारी, गवत खाणारी कोंबडी असेल तर ओमेगा-3 आणि ई जीवनसत्त्व जास्त उतरतं. खाद्यात जवस घातलं तर पिंजऱ्यातल्या पक्ष्यातही ओमेगा-3 वाढतं, पण ते खाद्य महाग, रोजच्या रेटला परवडत नाही. आणि सोलापूरचा उन्हाळा आम्हाला मारतो. पारा 42 च्या वर गेला की पक्षी चोच उघडून धापा टाकतो, खाणं सोडतो. धापांबरोबर अंगातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, टरफलाला लागणारं कार्बोनेट कमी पडतं. अंडं हातात घेतलं तरी तडकतं. पाण्यात खाण्याचा सोडा घालून कसंबसं निभावतो.

कुंभारवेशीचा:
सगळे पोथी वाचताय बे. आधी हे सांगा, ती अंडी गावरान कशावरून? पांढरी अंडी चहाच्या पाण्यात बुडवून रंगवणारे महाभाग असतात. ओला बोट घासून बघ, रंग लागतोय का. आणि रंग पक्का निघाला तरी ग्रामप्रिया, नाहीतर ऱ्होड आयलंड रेड असेल. त्या सुधारित जाती, परसात फिरतात, तपकिरी अंडी घालतात आणि बाजारात 'गावरान' होतात. अस्सल गावठी अंडं लहान, मळकट पांढरं नाहीतर फिकट बदामी. डझनभर एकाच मापाची, एकाच गडद रंगाची गावरान अंडी? लेका, कोंबड्यांना गणवेश असतोय का?

जुळेसोलापूरकर:
...माझी सगळी एकाच मापाची आहेत. पण पिंजऱ्याचं काय? एका कोंबडीला पंख पसरायला जागा नाही, हे तरी मान्य करा.

लेअरवाला:
मान्य. त्याच्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

सांगोल्याची_लेक:
उत्तर आमच्याकडं तरी कुठं आहे? मागल्या उन्हाळ्यात मानमोडी आली, लस टोचायची राहिली होती, बावीसातल्या आठच उरल्या. मोकळं फिरणं म्हणजे मुंगूस, कुत्री, रोग, सगळंच मोकळं. शिवाय कोंबडी खुडूक बसली की महिनाभर अंडं बंद. आई चार-चार दिवसांची साठवते तेव्हा कुठं बाजाराला न्यायला डझन होतात. पोल्ट्रीचं बरेचदा त्याहून ताजं असतं, हे माहेरची बाजू सोडून सांगते.

निवृत्त_मास्तर:
ताईंचा मुद्दा इथं सगळ्यात वजनाचा आहे. अंडं शिळं होतं तसा टरफलाच्या छिद्रांतून वायू निघून जातो, घट्ट पांढरा पातळ होतो. ताटलीत फोडल्यावर बलक उंच उभा राहिला तर ताजं, पसरला तर शिळं, जात कुठलीही असो. उकडल्यावर सोलताना टरफल पांढऱ्याला चिकटून वैताग देत असेल तर खूश व्हा, ताजं आहे. आमच्या घरी मी एकदा पाच जणांना डोळे बांधून दोन्ही अंडी ज्वारीच्या भाकरीबरोबर खायला घातली. दोघांनी गावरान ओळखलं, दोघांनी उलटं सांगितलं, एकानं विचारलं चटणी कुठाय. जुळेसोलापूरकर, उरलेली अंडी पाण्याच्या पातेल्यात सोडून बघा. तळाशी आडवी पडली तर ताजी. तरंगलं ते जुनं.

जुळेसोलापूरकर:
सोडली. अकरातली सात आडवी, दोन उभी, दोन तरंगतायत. तरंगणाऱ्यांचाही बलक केशरी असेल, पण फोडून बघायचं धाडस नाही. ताई, आई पुढच्या वेळी कधी येणार सोलापूरला?