‘ढोंगी’ की ‘सोंगाड्या’? मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायातला एक शब्द

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा तेविसावा अध्याय वाचतोय. येशू यरुशलेमेत धर्मपुढाऱ्यांना फैलावर घेतो आणि एकच पालुपद चालू राहतं: ‘अहो शास्त्र्यांनो व परूश्यांनो, अहो ढोंग्यांनो’. (शास्त्री म्हणजे नियमशास्त्र शिकवणारे, परूशी म्हणजे ते काटेकोर पाळणारा ज्यूंचा पंथ.) मूळ ग्रीक शब्द ‘हुपोक्रितेस’, म्हणजे नाटकातला नट, असं वाचनात आलं. मग मराठीत ‘ढोंगी’ का? ‘सोंगाड्या’ जास्त जवळचा नाही का? जाणकारांनी सांगावं.

*

मोह होतो खरा, पण नाही चालणार. सोंगात फसवणूक नसते. बहुरूपी पोलिसाच्या वेशात दारात येतो, दम देतो, खोटी पावतीही फाडतो, आणि आपण हसत हसत त्याच्या हातावर दहा रुपये ठेवतो. सोंग आहे हे दोघांनाही ठाऊक. ढोंग्याचं सगळं पोट मात्र समोरच्याला ते न कळण्यावर चालतं.

शिवाय ग्रीक शब्दही तोवर रंगमंचावरून खाली उतरला होता. ज्यूंच्या शास्त्राच्या जुन्या ग्रीक भाषांतरात, ईयोबाच्या पुस्तकाच्या चौतिसाव्या अध्यायात, ‘अधर्मी’ अशा अर्थाच्या हिब्रू शब्दासाठी हाच ‘हुपोक्रितेस’ योजलाय. तिथे नाटकाचा मागमूस नाही.

*

मागमूस नाही म्हणू नका! ईयोबात नसेल, पण मत्तयात आहे. तेविसाव्याच्या पाचव्या ओवीत ‘लोकांनी पाहावे म्हणून’ ते सगळं करतात असं येतं ना, तिथलं ‘पाहणे’ हे ग्रीक क्रियापद आणि ‘थिएटर’ एकाच मुळातले. सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीलाही तेच क्रियापद. आणि पुढचे प्रवेश बघा: दान देताना पुढे कर्णा वाजवणं, भर चौकात उभं राहून प्रार्थना, उपास कळावा म्हणून चेहरा ओढून बसणं. प्रेक्षक हवेतच.

पण मला त्या अध्यायात खरा आवडतो तो मराठी अनुवाद. ‘ते आपले प्रतिफळ भरून पावले आहेत.’ मूळ ग्रीक क्रियापद ‘आपेखो’. इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसच्या पावत्यांवर हेच क्रियापद येतं: रक्कम पोचली, बाकी काही नाही. आपल्या जुन्या कागदांवरचं ‘भरून पावलो’ तेच सांगतं, आणि ‘पावती’ही ‘पावणे’पासूनच. वर आपण वैतागून ‘भरून पावलो रे बाबा’ म्हणतो, तो तिरकसपणा फुकटात मिळाला. अनुवादकाच्या मनात हे सगळं होतं की नाही देव जाणे, पण शब्द चपखल बसलाय.

*

एक हरकत नोंदवतो. ‘परूशी म्हणजे ढोंगी’ असं समीकरण करू नये. हिब्रू ‘परूशीम’चा अर्थ साधारणपणे ‘वेगळे राहिलेले’ असा लावतात. आपल्याकडचं ‘सोवळे’ आठवा, म्हणजे छटा कळेल. त्यांच्यातल्या दिखाऊ मंडळींची टर खुद्द तालमूद या ज्यूंच्या धर्मग्रंथानेही उडवली आहे. तिथे परूश्यांचे सात प्रकार दिलेत. त्यातला एक भिंतीवर आपटून रक्त काढणारा. बाईवर नजर पडू नये म्हणून डोळे मिटून चालतो, असं भाष्यकार सांगतात. तेव्हा हे घरातलं भांडण आहे. येशूही आधी म्हणतो की ते सांगतील ते करा, त्यांच्यासारखं वागू मात्र नका. आपलं ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’.

*

मूळ प्रश्नकर्ता: पटलं, ‘सोंगाड्या’ मागे घेतो. जाता जाता अजून एक. याच अध्यायात त्या ढोंग्यांना दिलेली ‘चुना लावलेल्या कबरा’ ही उपमा वाचली की मला आपलं ‘चुना लावणे’च आठवतं. संबंध आहे?

*

छे, निव्वळ योगायोग. तिथला चुना मुळात फसवायला नव्हताच. कबरेचा स्पर्श झाला तर मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे सात दिवसांचा विटाळ. वल्हांडण या ज्यूंच्या सणाला गावोगावचे लोक यरुशलेमेस यायचे, नवख्या माणसाचा पाय चुकून कबरेवर पडायचा. म्हणून सणाआधी महिनाभर, ज्यूंच्या अदार महिन्याच्या पंधरा तारखेला, कबरींवर खुणा करायची पद्धत मिश्ना या त्यांच्या जुन्या नियमसंग्रहात सांगितलीय. त्यासाठी चुना वापरत. थोडक्यात, ‘लांब राहा’ अशी पाटी. मत्तय मात्र ती सजावट धरतो: बाहेरून सुंदर, आत हाडं आणि घाण. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात नेमका उलटा जातो. त्याच्या कबरी दिसतच नाहीत, माणसं नकळत वरून चालत जातात. मला तरी लूकचीच प्रतिमा जास्त भीतिदायक वाटते. चुना निदान दिसतो तरी.