ब्लॉक मागून घ्या
कॅन्सरच्या उपचारासाठी 'ज्याच्या हातून जास्त ऑपरेशनं झालीत तोच सर्जन धरा' असा सल्ला देतात, तो पटतो, पण अर्धाच. आमच्या मावशीच्या वेळी सर्जन उत्तम होता, घोळ रिपोर्टात राहिला. स्तनाच्या गाठीच्या बायॉप्सीत हर-टू (कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रथिन) '२+' लिहिलं होतं. म्हणजे धड पॉझिटिव्ह नाही, धड निगेटिव्हही नाही. अशा वेळी फिश टेस्ट, म्हणजे हर-टूच्या जनुकाची तपासणी, करायची असते. गावाकडच्या डॉक्टरांनी ती न करताच केमो लिहून दिली.

परळला टाटामध्ये दाखवायला गेलो तर पहिला प्रश्न, "ब्लॉक आणलेत का?" आम्ही फाइल पुढे केली! ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, काडेपेटीपेक्षाही लहान. लॅबकडे लेखी अर्ज केला की तो आणि तपासणीच्या काचपट्ट्या (स्लाइड) मिळतात (आमच्या लॅबने आधी कुरकुर केली, मग दिला). फिश पॉझिटिव्ह आली आणि ट्रॅस्टुझुमॅब, म्हणजे हर-टूवरच काम करणारं औषध, सुरू झालं. त्यामुळे दुसरं मत घेताना नुसता कागद दाखवू नका, ब्लॉक पुन्हा तपासून घ्या. आणि डॉक्टरांना एवढं विचाराच, केस ट्यूमर बोर्डापुढे, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या एकत्र बैठकीत, ठेवणार का? या प्रश्नावर जे चिडले, त्यांच्याकडे आम्ही परत गेलो नाही.